पफिनच्या शेजारी आठ दिवस

'युरोपला जाऊन आले' असं कुणी म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. आयफेल टॉवर पाहिला का? बर्फात खेळलात का? चॉकलेटं किती आणलीत? सात दिवसांत पाच देश, पहाटे साडेपाचला बॅगा खोलीच्या बाहेर, दिवसभर बसमध्ये डुलक्या आणि उतरलं की फोटो, ही आपल्या परदेश सहलीची तऱ्हा. मी मात्र २०२५ च्या जूनमध्ये आठ दिवस एकाच खेड्यात, एकाच घरात राहून आले. तिथे पाहिले ते मुख्यत: पक्षी. परत आल्यावर मैत्रिणींनी विचारलं, "एवढ्या लांब जाऊन पाखरंच बघितलीस?" तर हो, पाखरंच बघितली. आणि त्यांच्या निमित्तानं बाकीचंही बरंच काही दिसलं.

माझी धाकटी नणंद गेली पंधरा वर्षं वेल्समध्ये नर्स आहे. वेल्स म्हणजे ब्रिटनचा पश्चिमेकडचा भाग. आपले रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तीन जिल्हे एकत्र केले तर साधारण तेवढंच त्याचं क्षेत्रफळ होईल. आपल्या कोकणासारखंच तिथेही एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि पावसाला काही कमी नाही. नणंद राहते स्वान्सी या शहरात. तिनं फोनवर सांगितलं होतं, "वहिनी, लंडन-बिंडन नंतर बघू. आधी आपण समुद्रावर कॉटेज घेऊन राहू. मला तुमच्याशी निवांत बोलायचं आहे."

निवांत बोलायचं म्हणजे कशाबद्दल, ते मला माहीत होतं. सासूबाई २०२३ मध्ये गेल्या. वेंगुर्ल्याच्या बाजूला, किनाऱ्यालगत आमचं जुनं घर आहे, नारळ-सुपारीची थोडी बाग आहे. सासूबाई गेल्यापासून घराला कुलूप. मुंबईच्या एका पार्टीनं चांगली किंमत देऊ केली होती. दीरांचं म्हणणं, विकून मोकळं होऊ. त्यासाठी नणंदेचं हक्कसोडपत्र हवं होतं. वकिलानं केलेला मसुदा माझ्याच बॅगेत होता. मात्र निघतानाच मी घरात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, 'कागद नेते, तिच्या हातात देते. पण सही कर असं मी म्हणणार नाही.' बचत गटाच्या बायकांना वीस वर्षं मी जे सांगत आले, ते नणंदेच्या बाबतीत वेगळं कसं असेल?

स्वान्सीहून पश्चिमेला गाडीनं दोन तासांच्या आत आम्ही पेम्ब्रोकशायरमधल्या मार्लोज नावाच्या छोट्याशा गावाजवळ पोचलो. नणंद, तिची अकरा वर्षांची लेक आणि मी. जावईबापूंना सुट्टी नव्हती. त्यामुळे बायकांचंच राज्य! वाटेत रस्त्यावरच पांढऱ्या रंगात दोन-दोन शब्द रंगवलेले. एक इंग्रजी 'स्लो' आणि दुसरा वेल्श, त्याचा उच्चार भाचीनं सांगितला, 'अराव'. म्हणजे हळू. सरकारी पाट्या सगळ्या दोन भाषांत. या भागात रोजचं बोलणं इंग्रजीतच चालतं, तरी पाट्यांवर वेल्श असतेच. मला ते फार आवडलं.

कॉटेज म्हणजे जाड दगडी भिंतींचं, चुन्यानं पांढरं केलेलं बैठं घर. छपराला काळ्या पाटीचा दगड, खिडक्या लहान, कारण वारा दणकून येतो. आत दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि समुद्राकडची एक बसायची जागा. खिडकीत पक्ष्यांचं पुस्तक आणि दुर्बीण ठेवलेली, भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक टांगलेलं. या प्रकाराला तिथे 'सेल्फ कॅटरिंग' म्हणतात. म्हणजे घर भाड्यानं आपल्याला, आणि स्वयंपाक आपला आपण करायचा. ऐकल्यावर मी हसलेच. घेतली सुट्टी आणि पुन्हा पोळपाट-लाटणं! पण प्रत्यक्षात मजा आली. कारण 'आज भाजीला काय?' असं विचारणारं कुणी नव्हतं आणि घड्याळाकडे बघून ताट मागणारंही नव्हतं. भाजणी नेली होती, तिची थालीपिठं झाली. एकदा पिठलं-भात. पहिल्याच दिवशी फोडणी तडतडली आणि छताला लावलेला धुराचा अलार्म असा काही ठणाणा करू लागला की शेजारच्या मालकीणबाई धावत आल्या. त्यांनी दार-खिडक्या उघडल्या, जोरात श्वास घेतला आणि विचारलं, "हा वास कशाचा?" मग त्यांनाही एक थालीपीठ. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली ती जमलीच.

भरती-ओहोटी आपल्या किनाऱ्यावरच्या बाईला काय शिकवायची! उधाण आणि भांग हे शब्द आम्हाला पाळण्यातले. पण तिथलं पाणी पाहून मीही चक्रावले. उधाणाला तिथे सहा मीटरहून जास्त पाणी चढतं-उतरतं. आपल्याकडच्या दुप्पट समजा. मार्लोजचा वाळूचा किनारा ओहोटीला मैदानासारखा पसरतो आणि भरतीला त्याचे तुकडे होतात. वेळ न बघता खडकाच्या पलीकडे गेलं तर माणूस तिकडेच अडकतो. म्हणून ते वेळापत्रक भिंतीवर, रोजच्या कॅलेंडरसारखं.

हा सगळा किनारा १९५२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. कड्यांच्या काठाकाठानं तीनशे किलोमीटरची पायवाट आहे, १९७० मध्ये खुली झालेली. आम्ही रोज सकाळी तिचा छोटासा तुकडा चालायचो. काठावर गुलाबी फुलांचे गालिचे. तिथेच पहिल्यांदा चफ दिसला. दिसायला थेट आपला कावळा, पण चोच आणि पाय लालचुटूक. लग्नाला निघालेल्या कावळ्यासारखा! हा आपल्या हिमालयातही आढळतो. मी आपला देश सोडून वेल्समध्ये जाऊन त्याला भेटले, एवढंच.

पण खरा मान पफिनचा. समोरच्या समुद्रात स्कोमर नावाचं बेट आहे. होडीनं पंधरा मिनिटं. होडीचं बुकिंग आधीच करावं लागतं, कारण रोज ठरावीक माणसांनाच उतरू देतात. शिवाय वारा उत्तरेचा असला की होडी बंद. बेटावरचा धक्का उत्तरेकडे उघडा आहे, तिथे होडी लावताच येत नाही. आमचा एक दिवस असाच फुकट गेला. दुसऱ्या दिवशी वारा फिरला आणि आम्ही गेलो. उतरल्याबरोबर ८७ पायऱ्या. पर्स सांभाळत, गुडघे मोजत वर गेले. वर एका मुलीनं नियम सांगितले. वाट सोडायची नाही, कारण दोन्ही बाजूंच्या जमिनीत हजारो बिळं आहेत. पाय पडला तर वरची माती ढासळून आतलं अंडं किंवा पिल्लू गाडलं जातं. बेटावर दुकान नाही, हॉटेल नाही. डबा आपला आपण न्यायचा, कचरा आपला आपण परत आणायचा.

आणि मग पफिन! फोटोत पाहून मला वाटलं होतं, बदकाएवढा तरी असेल. प्रत्यक्षात आपल्या पारव्याएवढा. काळा कोट, पांढरं पोट, केशरी पाय आणि चोच अशी रंगीत की एखाद्या लहान मुलानं खडूंनी रंगवली असावी. ही चोचीची रंगीत टरफलं विणीच्या हंगामापुरतीच असतात, नंतर गळून पडतात. तुरुतुरु चालत हे महाशय आमच्या पायांजवळून वाट ओलांडून जात होते. माणसाची भीती नाही. भीती आहे ती वर घिरट्या घालणाऱ्या कुरवांची. पफिन चोचीत सातआठ बारीक मासे आडवे धरून येतो, कुरव ते हिसकायला टपलेले असतात. मग हा उतरल्या उतरल्या धावत सुटतो आणि बिळात गडप! आत त्याचं एकुलतं एक पिल्लू वाट बघत असतं. पफिन वर्षाला एकच अंडं घालतो. नर-मादी दोघं आळीपाळीनं उबवतात, दोघं पिल्लाला भरवतात. हिवाळाभर दोघं भर समुद्रात, आणि वसंतात बहुधा त्याच बिळाशी, त्याच जोडीदाराकडे परत.

दरवर्षी या पफिनांची मोजणी होते. २०२५ च्या वसंतात स्कोमरवर ४३ हजारांहून जास्त पफिन मोजले गेले. इतकी मोठी संख्या पूर्वीच्या नोंदींत नाही. याचं मोठं कारण म्हणजे बेटावर उंदीर, कोल्हे, मांजरं नाहीत. बिळात अंडी घालणाऱ्या पक्ष्याला एक उंदरांची जोडीदेखील पुरे. म्हणून उतरणाऱ्यांच्या बॅगाही तपासून घ्यायला सांगतात.

पलीकडच्या उभ्या कड्यावर गिलेमॉट नावाच्या पक्ष्यांची दाटी. मुंबईची लोकल बरी! वीतभर रुंदीच्या खडकावर खांद्याला खांदा लावून उभे. घरटं नाहीच, उघड्या कातळावर अंडं. पण प्रत्येक अंड्याचा रंग आणि ठिपके वेगळे, त्यामुळे आपलं अंडं नेमकं ओळखू येतं. मला सगळ्यात आवडली ती त्यांची पुढची गोष्ट. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की, धड उडताही येत नसताना, कड्यावरून खाली उडी मारतं. बाप त्याला सोबत करतो आणि पुढे कितीतरी आठवडे समुद्रावर तोच त्याला सांभाळतो, भरवतो. नणंद म्हणाली, "बघा वहिनी, बाळंतपणाची रजा बापाला!" आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारी कॅमेरा लावून बसलेल्या आजोबांनी वळून पाहिलं.

तिसरा पक्षी दिसला तो संध्याकाळी, मुख्य किनाऱ्यावरूनच. डिअर पार्क नावाचं टोक आहे, हरीण मात्र एकही नाही. जूनमध्ये तिथे साडेनऊनंतर सूर्य मावळतो. त्या उजेडात पाण्यावरून काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांच्या रांगाच्या रांगा सरकत होत्या. हे मँक्स शिअरवॉटर. स्कोमरवर त्यांची साडेतीन लाखांच्या आसपास जोडपी आहेत. जगात कुठेही एके ठिकाणी एवढी नाहीत. जमिनीवर त्यांना नीट चालता येत नाही, म्हणून कुरवांच्या भीतीनं पूर्ण अंधार पडेपर्यंत समुद्रावर थांबतात आणि मग बिळात शिरतात. हिवाळ्यात हे पक्षी थेट दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे जातात, दहा हजार किलोमीटरच्या वर. आणि पिल्लांना रस्ता दाखवायला आई-बाप थांबतही नाहीत. ते आधीच निघून जातात, पिल्लू मागाहून रात्री एकटंच निघतं. काही वर्षांनी अंडी घालायची वेळ आली की त्यातली बरीच याच भागात परत येतात.

या पक्ष्याची एक खरी गोष्ट मालकीणबाईंनी सांगितली. शेजारच्या स्कोकम बेटावर १९२७ पासून रोनाल्ड लॉकली नावाचे निसर्ग अभ्यासक राहत होते. १९३३ मध्ये त्यांनी तिथे ब्रिटनमधलं पहिलं पक्षी निरीक्षण केंद्र सुरू केलं. या पक्ष्यांना घराची वाट कशी सापडते, हे त्यांना शोधायचं होतं. १९५२ मध्ये एक अमेरिकन वादक इथले दोन पक्षी विमानानं बोस्टनला घेऊन गेले. त्यातला एक वाटेत मेला. दुसरा तिथल्या विमानतळावर सोडला. साडेबारा दिवसांत तो पाच हजार किलोमीटरचा अनोळखी समुद्र ओलांडून आपल्या बिळात हजर! 'पक्षी सोडला आहे' असं कळवणारं अमेरिकेचं पत्र त्याच्या मागाहून पोचलं.

ही गोष्ट ऐकून नणंद गप्प झाली. मग थोड्या वेळानं इतकंच म्हणाली, "मी आईच्या वेळेला चार दिवस उशिरा पोचले." तिला रजा मिळून, तिकीट मिळून, ती गावात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. दोन वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. मी काही समजूत घातली नाही. नुसतीच शेजारी बसून राहिले.

मालकीणबाई सत्तरीच्या, नवरा वारलेला, एकट्या राहतात. १९९६ च्या फेब्रुवारीत 'सी एम्प्रेस' नावाचं तेलवाहू जहाज इथल्या मिलफर्ड हेवन बंदराच्या तोंडाशी खडकावर चढलं आणि ७२ हजार टन कच्चं तेल समुद्रात गेलं. तेव्हा तेलानं माखलेली बदकं धुवायला त्या रोज जायच्या. "हात साबणानं सोलून निघाले होते," म्हणाल्या. पफिन तेव्हा अजून समुद्रावरच होते, म्हणून वाचले. पुढे २०२२ मध्ये बर्ड फ्लू आला. पलीकडच्या ग्रासहोम बेटावरच्या गॅनेट पक्ष्यांची घरटी एका वर्षात ३४ हजारांवरून साडेसोळा हजारांवर आली. "मोजत होते म्हणून कळलं," त्या म्हणाल्या. "पण आमच्या गल्लीत हिवाळ्यात किती घरांत दिवा लागतो, ते मोजायला कुणी येत नाही. ते मी मोजते. चार."

मग त्यांनी सगळं सांगितलं. समुद्राकाठची घरं शहरातली माणसं सुट्टीसाठी विकत घेतात. किमती इतक्या चढतात की गावातल्या तरुण जोडप्याला स्वत:च्या गावात घर परवडत नाही. मुलं बाहेर जातात, शाळेचा पट घटतो, दुकान बंद पडतं. एप्रिल २०२३ पासून वेल्समध्ये अशा दुसऱ्या घरांवर नेहमीच्या घरपट्टीच्या वर तीनशे टक्क्यांपर्यंत जादा पट्टी लावायची मुभा स्थानिक कौन्सिलांना मिळाली. भाड्यानं द्यायची घरं वर्षातून निदान १८२ दिवस खरोखर भाड्यानं गेली पाहिजेत, तरच ती धंदा म्हणून धरायची, असाही नियम आला. आधी ७० दिवस पुरत होते. यावर तिथेही दोन तट आहेत. पर्यटनावर पोट असलेले म्हणतात, आमचं नुकसान होतं. मालकीणबाईंचंही पोट त्या एका कॉटेजवर आहे. "पण मी इथे राहते," त्या म्हणाल्या, "मी चावी देते आणि मीच केर काढते. यात फरक आहे ना?"

आहे. मला आमच्या वाडीतली कुलपं आठवली. नवीन बंगल्यांना रंगीत कंपाउंड, आत राखणदार आणि वर्षाला चार दिवस वर्दळ. तिथेच मंडणगड तालुक्यातलं वेळासही आठवलं. २००२ पासून तिथल्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी राखण्याचं काम सुरू झालं. पिल्लं पाहायला माणसं येऊ लागली आणि गावातल्याच घरांत उतरू लागली. चुलीवरच्या भाकरीचे पैसे त्या घरच्या बाईच्या हातात आले. घर विकलं नाही, उघडं ठेवलं.

सहाव्या रात्री मी बॅगेतला कागद काढून नणंदेसमोर ठेवला. तिनं चष्मा लावून सगळा वाचला. मी तिला कायदाही सांगितला. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, कारण तो जन्मानं मिळतो, हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. हक्कसोड म्हणजे साडी-चोळीच्या बदल्यात सही, असं आपल्याकडे सर्रास चालतं. पण एकदा रजिस्टर झालं की ते सहजासहजी मागे घेता येत नाही. सगळं ऐकून तिनं कागदाची घडी केली. ती चिडली नाही, रडलीही नाही. इतक्या वर्षांनी तोंडात मालवणी आली, "ता आवशीचा घर आसा गो वयनी." आणि म्हणाली, "मला पैसे नकोत. पण विकायचं की नाही, हे मलाही विचारा. सही मी करणार नाही."

मी घडी परत बॅगेत ठेवली. उरलेल्या दोन दिवसांत आम्ही घराच्या कौलांचा, मागच्या विहिरीचा आणि न्याहारी-निवासासाठी दोन खोल्या नीट करायला किती खर्च येईल याचा हिशेब मांडला. भाचीच्या पक्ष्यांच्या वहीत मागच्या पानावर! पुढच्या पानांवर तिचे सव्वीस पक्षी होते.

घरी येऊन मी जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. आमचे हे दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कौलं तरी शाकारून घेऊ." दीरांचं तोंड अजून थोडं वाकडंच आहे. पार्टीनं मात्र दुसरीकडे जागा बघितली.

कुणाला वेल्सला जायचा योग आलाच तर पफिनसाठी मे ते जुलैच्या मध्यापर्यंत जा, ऑगस्टमध्ये बेट त्यांच्याविना असतं. होडीचं बुकिंग आधी करा आणि वाऱ्यासाठी एक दिवस हाताशी जास्त ठेवा. पण सगळ्याजणी काही जाणार नाहीत, आणि त्याची गरजही नाही. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर सुरय आणि पाकोळ्या आहेत, थंडीत आपल्या किनाऱ्यावर कुरवांचे थवे उतरतात. एक साधी दुर्बीण आणि एक वही पुरे. गावातल्या मुलींना घेऊन बसा, मोजा, तारीख घाला. आणि त्याच वहीत आपल्या वाडीत किती घरांत दिवा लागतो, तेही लिहून ठेवा. कुणी हक्कसोडीचा कागद समोर ठेवला तर लगेच पेन हातात घेऊ नका. चष्मा लावा, वाचा, वेळ मागून घ्या. वेळ मागितल्यानं कुणाचं माहेर तुटत नाही.